वारं गेलेल्या हाताला एकाच उपायावर सोडू नका



या पानावर मी नेहमी बेणे, खोडवा आणि हुमणी यांवर लिहितो. आज माणसाच्या हाताविषयी लिहितो आहे. मी कृषी पदविका घेतलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण गटात फिरताना अंगावरून वारं गेलेले सभासद वस्तीवस्तीवर भेटतात आणि घरचे लोक विचारतात, "साहेब, पाय आला, चालत्यात, पण हात काय येईना. मालिश करावी, का करंट द्यावा? ह्यात चांगलं काय?" माझे स्पष्ट मत असे, की 'ह्यात चांगलं काय' या प्रश्नातच हात अडकून पडतो. उसाला पाणी द्यावे की खत, असे आपण कधी विचारत नाही.

मुळात पक्षाघात हे हाताचे दुखणे नव्हे, मेंदूचे. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, डावीकडे बिघाड झाला तर उजवा हात जातो. हाताचे स्नायू जागेवरच असतात, त्यांना हुकूम पोचत नाही एवढेच. म्हणून नुसते तेल चोळून भागत नाही. (कबुतराचे रक्त चोळणाऱ्यांबद्दल तर न बोललेले बरे.) मेंदूचा जो भाग शाबूत आहे तो गेलेले काम पुष्कळसे शिकू शकतो, पण त्याला ते रोज आणि पुन्हा पुन्हा शिकवावे लागते.

शिकवण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. अमेरिकेतील एडवर्ड टॉब यांची पद्धत आपल्याला चटकन पटेल अशी आहे: चांगला हात जाड मोज्यात अडकवून ठेवायचा आणि सगळी कामे दुबळ्या हाताकडूनच करून घ्यायची. २००६ साली २२२ रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा आणि जोडीला कसून सराव, असा तो कार्यक्रम होता. मिळालेला फायदा वर्षानंतरही टिकून होता. परंतु अट अशी, की मनगट आणि बोटे थोडी तरी आपणहून वर उचलता आली पाहिजेत. शिवाय चांगल्या हातात काठी धरून चालणाऱ्याने चालताना मोजा घालू नये, पडायची भीती असते.

ज्याचा हात पूर्ण लुळा आहे त्याने काय करावे? त्याच्यासाठी आरसा. आपल्या तामिळनाडूत जन्मलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी तो आधी हात तुटलेल्या माणसांच्या वेदनेसाठी वापरला. १९९९ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांवरचा पहिला छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. आरसा छातीसमोर आडवा-उभा कसाही नाही, तर दोन हातांच्या मध्ये उभा धरायचा. दुबळा हात त्याच्यामागे, आणि चांगल्या हाताची हालचाल आरशात बघत बसायचे. मेंदूला वाटते की गेलेलाच हात हलतो आहे. घरात एक आरसा असतोच, खर्च नाही. करंटचेही तसेच आहे. यंत्र लावून रुग्ण आढ्याकडे बघत पडला तर फार काही साधत नाही. करंटने बोटे उघडताना त्यानेही मनापासून उघडायचा जोर लावला पाहिजे. आणि हात थोडा जागा झाला की त्याला लगेच कामाला जुंपायचे. भुईमुगाच्या शेंगा उचलून टोपल्यात टाकणे, तांब्या धरणे, ठिबकचा कॉक फिरवणे, सदऱ्याची बटणे लावणे.

किती वेळा? खरी गोम इथेच आहे. अमेरिका व कॅनडातील सात ठिकाणी उपचार चालू असताना हालचाली मोजल्या, त्याचा अहवाल २००९ मध्ये आला. एका बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरील प्रयोगांत मात्र शेकड्यांनी करून घेतात. ३२ वेळा शेंग उचलून हात येत नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथे तीन आठवड्यांत ९० तास, प्रत्येकाच्या हाताप्रमाणे वेगवेगळे उपाय एकत्र करून काम घेतात. २०१९ साली त्यांनी २२४ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांतल्या बहुतेकांना झटका येऊन वर्ष उलटून गेले होते, तरीही हात सुधारले आणि सहा महिन्यांनंतरही सुधारणा टिकली. तुलनेला दुसरा गट नव्हता हे खरे. पण "आता वरीस झालं, राहू द्या" म्हणून जे हात सोडून दिले जातात, त्यांच्याकडे पुन्हा बघायला हे कारण पुरेसे आहे.

एक धोका सांगतो. तुळईला कप्पी टांगून दोरीने लुळा हात वर ओढण्याची रीत मी बऱ्याच घरांत पाहतो. त्याने खांदा दुखावतो, आणि खांदा ठणकू लागला की पुढचे सगळे थांबते. दुबळ्या हाताला धरून माणसाला उठवणेही बंद करा.

"मग घरीच करू की," असे कोणी म्हणेल. आपल्याच देशातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर हे तपासून झाले आहे. घरच्यांना शिकवून घरी पाठवले, तरी सहा महिन्यांनी इतरांपेक्षा फरक दिसला नाही (२०१७). घरच्यांची मेहनत लागतेच, पण कोणता उपाय कधी सुरू करायचा, कधी बदलायचा, हे ठरवणारे जाणते माणूस सारखे बघायला हवे. आपले सभासद तालुक्याच्या गावी पंधरा दिवस जातात, एसटी आणि दिवसाचा खाडा परवडत नाही, मग बंद करतात. यात त्यांचा आळस नाही.

म्हणून माझी सूचना अशी. कारखान्याने एक फिजिओथेरपिस्ट नेमावा आणि त्याने आठवड्यातून दोन दिवस प्रत्येक गट ऑफिसात बसावे. माती परीक्षणाला आपण जागा देतो, तशी याला एक खोली द्यावी. सभासदांबरोबर तोडणी मजुरांनाही ती उघडी असावी. मी नोकर माणूस, ठराव मांडण्याचा हक्क तुमचा. वार्षिक सभेसाठी मसुदा लिहून गट ऑफिसात ठेवला आहे, ज्यांना पटेल त्यांनी येऊन सही करावी. उजवा हात गेला असेल तर डाव्या हाताचा अंगठा चालेल.

— ऊस विकास अधिकारी