तालुक्याची दवंडी तालुक्यातूनच हवी

नांदगाव तालुक्यात सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: पाणी कधी येणार? गिरणा धरण आपल्याच तालुक्यात, पांझणजवळ आहे. त्याच धरणावर नांदगावसह ५६ खेडी पाणीपुरवठा योजना उभी आहे. तरीही जलवाहिनी कुठे फुटली, दुरुस्ती किती दिवस चालेल, आज नळ येणार की परवा, हे घरातल्या बाईला कुणी सांगत नाही. ती हंडे लावून बसते. शेजारीण म्हणते उद्या, मोबाइलवरचा निरोप म्हणतो आज, आणि तो निरोपही कुणी तरी गेल्या आठवड्यातला पुढे ढकललेला असतो.

कांद्याचंही तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. दिल्लीत काय ठरलं, ते दूरचित्रवाणीवर दिवसभर चालू होतं. पण ट्रॅक्टर भरून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हवी होती एवढीच माहिती: उद्या नांदगावला लिलाव आहे का, मनमाडला आहे का, बोलठाणला आहे का? एवढ्या एका ओळीसाठी त्याला दहा फोन करावे लागतात. फेरी वाया गेली तर डिझेल त्याच्या खिशातलं जातं.

पूर्वी गावात दवंडी होती. कोतवाल हलगी वाजवत यायचा, सांगायचं ते सांगून पुढच्या आळीला जायचा. निरोप खरा असायचा, कारण सांगणारा गावातलाच होता आणि चुकला तर त्याला धरता येत होतं. दवंडी गेली, तिची जागा आकाशवाणीने घेतली. सकाळच्या प्रादेशिक बातम्या, शेतीचे कार्यक्रम, हवामान, बाजारभाव हे ऐकत आपल्या दोन-तीन पिढ्यांचा दिवस सुरू झाला. आता तो आवाजही हळूहळू लांब चालला आहे, आणि आपण गप्प आहोत. हा लेख ते गप्प बसणं मोडण्यासाठी लिहिला आहे.

आवाज लांब गेला की काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९६ साली तिथे दूरसंचार कायदा बदलला आणि एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रं घ्यावीत, यावरची मर्यादा उठली. गावोगावची केंद्रं धडाधड विकली गेली. नॉर्थ डकोटा राज्यातल्या मायनॉट शहरातली सहा केंद्रं क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे गेली. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर शहराच्या कडेला मालगाडी रुळावरून घसरली, टाक्या फुटल्या आणि अमोनियाचा विषारी ढग वस्तीवर आला. थंडीच्या त्या रात्री लोकांनी रेडिओ लावला, आणि त्यांना गाणी ऐकू आली. सूचना देणारा आवाज वेळेवर आला नाही. पोलिसांची यंत्रणा चुकली की केंद्राची, यावर पुढे बराच वाद झाला; पण रात्री तिथे माणसं पुरेशी नव्हती, हा मुद्दा त्या शहराच्या मनातून गेला नाही. त्या दुर्घटनेत एकाचा जीव गेला, शेकडो लोकांना त्रास झाला.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. मुंबई-भुसावळ लोहमार्ग आपल्या तालुक्यातून जातो. मनमाडजवळ पानेवाडीत इंधनाची मोठी साठवण आहे, तिथून टँकरची रांग लागलेली असते. सप्टेंबर २०२१ मध्ये शाकंबरी आणि लेंडी नद्यांना पूर आला, तेव्हा नांदगावच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. अशा रात्री वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात. हातातला रेडिओ मात्र दोन सेलवर चालतो. प्रश्न उरतो तो इतकाच, की त्या रेडिओतून आपल्यासाठी बोलणारं कुणी असेल का?

आपल्या देशातही केंद्रांची खरेदी-विक्री होते. बिग एफएम हे देशभर पसरलेलं जाळं दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून २०२४ साली नव्या मालकाकडे गेलं. निर्णय न्यायाधिकरणात झाला. श्रोत्याला विचारण्याची तिथे पद्धतच नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत शेजारचं मालेगाव आहे. तिथे वाहिनी आली तर आनंदच आहे, पण लिलावात बोली लावणारा धंद्याचं गणित मांडूनच येणार. नायडोंगरीच्या टँकरची वेळ किंवा जातेगावच्या शाळेची सूचना त्या गणितात बसत नाही. शिवाय खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, फक्त आकाशवाणीच्या बातम्या लावता येतात.

म्हणून आकाशवाणी आपली म्हणून राहिली पाहिजे, आणि ती राखता येते हे पुण्याने दाखवून दिलं आहे. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातम्यांचं काम छत्रपती संभाजीनगरहून चालवण्याचा आदेश निघाला. अधिकाऱ्यांची कमतरता हे कारण दिलं गेलं. श्रोते बोलले, वृत्तपत्रांनी लिहिलं, वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांनी दिल्लीला कळवलं. काही दिवसांतच केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी त्या निर्णयाला स्थगिती दिली. पुणं मोठं शहर आहे, त्याचा आवाज चटकन पोहोचतो. नांदगावला त्यासाठी जास्त जणांनी बोलावं लागेल, एवढाच फरक.

पण आहे ते राखून भागणार नाही. नाशिक आकाशवाणीच्या १०१.४ वर अख्ख्या जिल्ह्याचा भार आहे. एका तालुक्याला मिळून किती मिनिटं मिळणार? आपल्याला आपलं छोटं केंद्र हवं, आणि ते स्वप्न नाही. सातारा जिल्ह्यातला माण तालुका आपल्याइतकाच अवर्षणाचा. तिथे म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर चालते. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने ती उभी केली, आणि गावातल्या बायका-माणसांचेच आवाज तिच्यावर ऐकू येतात. आपल्या नाशकात रेडिओ विश्वास ९०.८ वर आहे. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या, घरात स्मार्टफोन नव्हता, तेव्हा या केंद्राने शिक्षकांच्या आवाजात जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांसाठी धडे प्रसारित केले. त्या ‘शिक्षण सर्वांसाठी’ उपक्रमाला राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कार मिळाला. माणने केलं, नाशिकने केलं. नांदगावात काय कमी आहे?

कायदा आपल्या बाजूचा आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट सांगितलं. २००२ मध्ये अशा छोट्या केंद्रांचं, म्हणजे सामुदायिक रेडिओचं, दार शिक्षणसंस्थांना उघडलं, २००६ मध्ये सामाजिक संस्थांनाही. नफा न कमावणारी, किमान तीन वर्षं काम केलेली नोंदणीकृत संस्था, महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र अर्ज करू शकतं. प्रक्षेपक शंभर वॅटचा, मनोरा साधारण तीस मीटरचा, आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत. निम्मे कार्यक्रम तरी जागेवरच तयार झालेले हवेत, आणि तेही शक्यतो तिथल्या लोकांच्या बोलीत. म्हणजे आपली अहिराणी इथे हक्काने बोलेल, तांड्यावरची बंजारा बोलेल. लिलाव नाही, कोटींची बोली नाही.

एक अडचण आहे, ती लपवायची नाही. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत. ही बंदी उठावी, अशी मागणी आपणही केली पाहिजे. पण हवामान, पाणी, वीज, वाहतूक, परीक्षा, जत्रा, आपत्तीच्या सूचना हे सगळं आजही देता येतं. आपल्या गरजेतला बराच मोठा वाटा यातच येतो.

आता कामाचं बोलू या.

श्रोत्यांनी आजच नाशिक आकाशवाणीला पत्र लिहावं. मोघम लिहू नका. नांदगाव-मनमाडसाठी कोणत्या वेळी, कोणती माहिती हवी ते लिहा. श्रोत्यांची पत्रं हा केंद्र ऐकलं जात असल्याचा पुरावा असतो. पत्र आलं नाही तर ऐकणारं कुणी नाही, असा अर्थ काढला जातो.

महाविद्यालयांनी, शिक्षणसंस्थांनी आणि बाजार समितीने एकत्र बसावं. अर्ज कुणी करायचा, खोली आणि मनोऱ्याला जागा कुठली, हे ठरवावं. यंत्रसामग्रीसाठी केंद्र सरकारची अनुदान योजना आहे, तिची चौकशी करावी.

व्यापाऱ्यांनी वर्षभराच्या जाहिरातीचा शब्द द्यावा. २०२४ च्या नव्या नियमांनुसार तासाला बारा मिनिटं जाहिरात घेता येते. बियाणांचं दुकान, किराणा, दवाखाना, कांद्याची आडत यांनी थोडा थोडा भार उचलला तर केंद्राचं वीजबिल थकणार नाही. केंद्र सुरू करण्यापेक्षा पाचव्या वर्षी चालू ठेवणं कठीण असतं, आणि ते देणगीवर नव्हे, अशा नियमित पैशांवरच टिकतं.

तरुण मुला-मुलींनी परवान्याची वाट बघत बसू नये. मोबाइल घ्या आणि आजीच्या ओव्या, दुष्काळातल्या आठवणी, रेल्वेतून निवृत्त झालेल्या मनमाडच्या माणसांची हकिगत ध्वनिमुद्रित करायला लागा. केंद्र उभं राहील तेव्हा त्याच्याकडे बोलायला काही तरी असलं पाहिजे.

आणि गावकारभाऱ्यांनो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. पुढच्या सभेत हा ठराव मांडा: “नांदगाव तालुक्यासाठी नाशिक आकाशवाणीवर ठरलेली वेळ मिळावी, आणि तालुक्यात सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू करण्यास ही ग्रामसभा पाठिंबा देत आहे.” एवढंच एक वाक्य. ठरावाची एक प्रत आकाशवाणीला, एक खासदारांना, एक माहिती व प्रसारण मंत्रालयाला पाठवा आणि पोच जपून ठेवा.

तालुक्यातल्या गावागावांतून असे ठराव दिल्लीला गेले, तर तिथल्या टेबलावर नांदगाव हे नाव पुन्हा पुन्हा येईल. मग एके दिवशी सकाळी कुणा घरी रेडिओ लागेल आणि ओळखीच्या बोलीतला आवाज सांगेल, की जलवाहिनी जोडली आहे, आज दुपारी पाणी येईल. त्या दिवशी त्या बाईला हंडे लावून ताटकळावं लागणार नाही. तेवढ्यासाठी तरी पहिलं पत्र आज लिहा.