मोठ्या डिशचा सोस

स्वस्तातली छोटी डिश म्हणजे पैसे पाण्यात, असं ठणकावून सांगणारे एक जाणकार सध्या आमच्या भागात फार मानले जातात. कधीकाळी त्यांचं टीव्हीदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून जाणकार. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दोन हजारांच्या आसपास बसवून मिळणारी ती दोन फुटी पत्र्याची थाळी घरच्या टीव्हीला पुरत नाही. तिच्यावर चित्र अंधूक येतं, पाऊस आला की टीव्ही बंद पडतो, दोन-तीन वर्षांत तिला गंज चढतो. घ्यायची तर तीन फुटी घ्यावी, नाहीतर हा नादच सोडून फायबर ओढून घ्यावं. एवढं बोलून झालं की ते 'स्वस्त ते स्वस्तच' म्हणतात आणि ऐकणारे माना डोलावतात.

अंधूक चित्राचा आक्षेप आधी घेतो, कारण तो नुसता चुकीचा नाही, शिळाही आहे. सिग्नल अ‍ॅनालॉग होता तेव्हा तो जितका दुबळा तितक्या पडद्यावर मुंग्या जास्त. 1991 नंतर गावोगावच्या केबलवाल्यांनी गच्च्यांवर जाळीच्या आठ-आठ, बारा-बारा फुटी छत्र्या उभ्या केल्या त्या हौसेनं नव्हे. त्या सी बँडवर, त्या काळच्या उपग्रहांच्या ताकदीत, छत्री मोठी तर चित्र स्वच्छ हा हिशेब अगदी बरोबर होता. आमचे जाणकार तो हिशेब शिकले आणि तिथेच थांबले. आज उपग्रहावरून येतात ते आकडे. वाटेत त्यांतले काही बिघडले तरी बॉक्स ते दुरुस्त करून घेतो, कारण दुरुस्तीची तजवीज सिग्नलमध्येच केलेली असते. सिग्नल एका पातळीच्या वर असला की चित्र पूर्ण येतं, खाली गेला की आधी चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि मग 'नो सिग्नल'. अंधूक होण्याची मधली पायरीच उरलेली नाही. चिपळूणच्या एखाद्या वाडीतली 60 सेंटिमीटरची डिश आणि कुणा हौशी माणसाच्या बंगल्यावरची सहा फुटी डिश, दोन्हींवरून वाहिनीचे तेच आकडे बॉक्समध्ये उतरतात, कणभरही फरक न होता. सहा फुटीवाल्याला सह्याद्री वाहिनी जास्त सह्याद्री दिसत नाही.

मग दूरदर्शनच्या फ्री डिशवर कित्येक घरांत चित्र मऊमऊ, पुसट दिसतं ते का? कारण वाहिनी मुळातच तशी पाठवलेली असते. 576 ओळींचं जुन्या मापाचं चित्र, त्यात उपग्रहाच्या एकाच ट्रान्सपाँडरमध्ये दाटीवाटीनं बसवलेल्या वाहिन्या. प्रत्येकीच्या वाट्याला येणार ते किती? हे चित्र 21 इंची डब्यावर खपून जात होतं. आता तेच 43 इंची पडद्यावर ताणायचं, वर बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची ती वायर लावायची आणि दोष द्यायचा गच्चीवरच्या थाळीला. चित्राची प्रत ठरते ते पाठवणाऱ्याच्या केंद्रात. तुमच्या पत्र्यावर काय बसवलंय याची तिथे कुणाला खबरही नसते.

हा वाद तसा जुना आहे. सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून पुण्याच्या पेठांतले अँटेना उभे असत, त्या दिवसांत हीच मंडळी प्रत्येकाला बूस्टर घ्यायला लावत. बूस्टरनं सिग्नल वाढायचा हे खरं, पण त्याच्याबरोबर मुंग्याही वाढायच्या. अँटेना हातभर सरकवला असता तर काम झालं असतं. पण सरकवण्यात विक्री नाही. त्यानंतर स्टॅबिलायझर आले, त्यानंतर पडद्यापुढे लावायची ती निळी काच आली. दर वेळी तोच पवित्रा: आहे ते पुरत नाही, वरचं घ्या.

पावसाचा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. या डिशवर सिग्नल येतो त्या केयू बँडच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. जोरदार सर त्या शोषते आणि विखुरते. जुलैत कोकणात टीव्ही जातो, घाटमाथ्यावर जातो, कधी कधी सोलापुरातही जातो. पण तीन फुटीनं काय होईल, याचं गणित कुणी मांडत नाही, ते मांडू. 60 ऐवजी 90 सेंटिमीटरची डिश घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, म्हणजे ऊर्जाही सव्वादोन पट. मुसळधार सरीत सिग्नलच्या दहा हिश्शांतले नऊ हिस्से जाऊ शकतात. उरलेल्या एका हिश्शाला सव्वादोननं गुणा: कोरड्या दिवशीच्या छोट्या डिशच्या पाव हिस्साही भरत नाही. मध्यम सरीत मोठी डिश तग धरेल, बंद राहण्याची मिनिटं कमी होतील, एवढं मी मान्य करतो. पण तेवढ्या मिनिटांसाठी पत्र्याच्या छपरावर वाऱ्याचा सव्वादोन पट जोर घ्यायचा? जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडकडे छपरांचं काय झालं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना हा सल्ला देऊन बघावा.

गंजाचं औषध ऑइलपेंट. फायबर पोचलं असेल तर जरूर घ्या. धनगरवाड्यावर ते कधी पोचणार, हे जाणकारांनीच सांगावं.

आता छोट्या डिशची बाजू. 1975-76 मध्ये देशातल्या सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा प्रत्येक गावात तीन मीटरची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री लागली होती. आज दूरदर्शनची फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-15 नोव्हेंबर 2015 मध्ये सोडला गेला. त्याचा केयू बँडचा झोत भारतभूमीवर रोखलेला आहे, म्हणूनच दोन फूट पुरतात. जिथे पुरत नाहीत तिथली सोय वेगळी आहे: अंदमान-निकोबारला दूरदर्शननं सी बँडचा मार्ग घेतला. महाराष्ट्र काही त्या झोताच्या काठावर नाही. शिवाय छोट्या डिशची नजर जरा रुंद असते, तीन-एक अंशांची; बसवताना थोडं इकडेतिकडे झालं तरी ती सांभाळून घेते. मोठीची नजर अरुंद, पाइप किंचित कलला की उपग्रह हातचा गेला. आणि छोटी एकाच पत्र्यातून दाबून काढलेली, तिचा आकार नेमका राहतो. सहा फुटी पाकळ्या जोडून उभी राहते, आणि जोडणाऱ्याचा हात कसा असेल तशी.

छोटी डिश बदनाम झाली ती बसवणाऱ्यांमुळे. तक्रार असलेल्या घरी एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, लावलेली पिन उघडून पाहा. आत तांबं हिरवं पडलेलं, भोवती काळी टेप गुंडाळलेली आणि त्या टेपमध्ये साचलेलं पाणी. इंचभर केबल कापायची, नवी पिन घट्ट बसवायची आणि केबलला खाली झोल द्यायचा म्हणजे पाणी एलएनबीकडे न जाता झोलावरून गळतं. एवढ्या कामाला पाच मिनिटं लागतात आणि पन्नास रुपयेही लागत नाहीत. म्हणूनच बहुधा ते कुणी सुचवत नाही.

तेव्हा साठ सेंटिमीटरचीच घ्या. मुंबई-पुण्याकडून आग्नेयेला, साधारण 57 अंश वर, आंब्याची फांदी किंवा शेजारची टाकी आड येत नाही ना ते बघा. पाइप ओळंब्यात आहे का ते स्वतः तपासा. बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बसवणारा पहिली दाखवेल, तुम्ही दुसरी बघा. ती भरल्याशिवाय पैसे देऊ नका.