आकडी आणि आपली कर्तव्ये

सबाह आरोग्य परिसरातील इब्न सिना रुग्णालयासारखी मज्जाविकारांची संस्था कुवेतमध्ये असताना आपल्या काही बिऱ्हाडांत आकडी आलेल्या मुलाला आजही कांदा हुंगवला जातो, दातांत चमचा कोंबला जातो, हे ऐकून जीव कळवळतो. मुलास कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत आकडी न थांबल्यास ११२ वर तातडीने वर्दी द्यावी. तान्ह्या बाळाची मान झुकून हात आखडण्याचे झटके लागोपाठ येऊ लागले, तर पोटदुखी समजून दिवस दवडू नयेत. १८४१ साली इंग्लंडातील डॉ. वेस्ट यांनी स्वतःच्याच पुत्राच्या ठायी वर्णिलेल्या या व्याधीत संप्रेरकाची इंजेक्शने वा व्हिगाबॅट्रिन वेळेवर मिळणे बुद्धिविकासासाठी फार मोलाचे असते. सुटीत गावी गेल्यावर औषध बंद करण्याचा हुकूम मात्र डॉक्टरांखेरीज कोणाचाही मानू नये.