मोठी हार्ड डिस्क घेतांना

गेल्या महिन्यांतील एका गुरुवारीं, म्हणजे आमच्या छावणीच्या आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं, भाजीच्या पिशव्या घेऊन घरीं येतों तों लॅपटॉपनें असहकार पुकारल्याचें वर्तमान कानीं आलें. तो बंद पडला नव्हता. परंतु नवें कांहींहि पोटांत घेण्यास त्यानें साफ नकार दिला होता. नातवाच्या मुंजीचीं छायाचित्रें उतरवून घेण्याचा प्रयत्न करतांच पडद्यावर तांबडी रेघ उमटे आणि जागा शिल्लक नसल्याची सूचना येई. कोठी रिती होईल ही चिंता गृहस्थास नेहमींचीच. कोठी भरल्याची चिंता आम्हांस नवी होती. मोठी हार्ड डिस्क बसवून घ्यावी, असें सर्वानुमतें ठरलें. हा ठराव सोपा होता. तो अमलांत आणतांना जें शिकावें लागलें, तें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून या महिन्याचें टिपण त्याच विषयास दिलें आहे.

दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं कोठींत काय आहे तें पाहावें, हा पहिला नियम. आमच्या ५०० जीबीच्या डिस्कमध्यें सणावारांच्या शुभेच्छांचीं चित्रें, एकाच समारंभाच्या तीन तीन प्रती आणि कोणीं कधींहि न पाहिलेल्या व्हिडिओंचा ढीग निघाला. आमच्या सौभाग्यवतींनीं दिवाळीच्या साफसफाईचाच खाक्या चालवून दोन दुपारींत १२० जीबी जागा मोकळी केली. जें उरलें तें मात्र टाकण्याजोगें नव्हतें. आजोबांच्या मोडी कागदांचीं छायाचित्रें, तीर्थरूपांचीं पत्रें, मुलांचीं प्रमाणपत्रें, आणि आमच्या मातुश्रींनीं अखेरच्या वर्षीं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचीं पांच ध्वनिमुद्रणें. साफसफाईनंतर जितकी जागा खरोखर व्यापलेली असेल, तिच्या दुप्पट-तिप्पट जागा सामान्य कुटुंबास पुढील कांहीं वर्षें पुरते. या हिशेबानें आम्हांस १ टीबीची डिस्क पुरेशी होती.

आतां जातीचा विचार. सांठवणीचीं साधनें मुख्यतः दोन जातींचीं असतात. पहिली जात फिरत्या तबकडीची. आमच्या शहरांतील पाणचक्की ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तिची कल्पना सहज येईल. तेथें पाण्याच्या बळावर जातें फिरे. येथें विजेच्या बळावर गुळगुळीत तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. तबकडीवर चुंबकीय लेप असतो, आणि वाचण्या-लिहिण्याचें सूक्ष्म अग्र तिला स्पर्श न करतां, केसाच्या जाडीच्या हजारों पट कमी अंतरावर तरंगत असतें. चालू लॅपटॉप आदळला असतां केवढा अनर्थ होऊं शकेल, हें यावरून ध्यानांत येईल. या यंत्राचा मूळपुरुष अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं पुढें आणला. त्यांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सर्व मिळून सुमारें ५ एमबी मजकूर मावे. म्हणजे आजच्या मोबाइलवर काढलेलें एखादें छायाचित्र!

दुसरी जात एसएसडीची. तींत फिरणारें कांहींच नसतें. सूक्ष्म कोशांत विजेचा भार कोंडून मजकूर धरून ठेवला जातो. फिरती तबकडी सेकंदास सुमारें १०० एमबी मजकूर देते, तर साध्या सॅटा जोडणीची एसएसडी ५०० एमबीपर्यंत जाते आणि एनव्हीएमई जातीची त्याच्याहि कित्येक पट. जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसविली असतां त्यास पुनर्यौवन प्राप्त झाल्यासारखें वाटतें, तें यामुळेंच. परंतु तिचे दोषहि जाणावेत. ती बिघडतांना बहुधा कुरकुर करीत नाहीं; एकाएकीं मौन धरते, आणि मग तिच्यांतून कांहीं परत मिळविणें दुष्कर होतें. शिवाय विजेवांचून दीर्घकाळ पडून राहिल्यास कोशांतील भार हळूहळू झिरपूं लागतो. म्हणून रोजच्या कामास एसएसडी घ्यावी. कपाटांत ठेवावयाच्या प्रतीस फिरती तबकडीच बरी.

कपडा बेतण्यापूर्वीं माप घ्यावें लागतें, तसेंच येथेंहि आहे. बहुतेक जुन्या लॅपटॉपांत अडीच इंची डिस्क बसते. परंतु तिची जाडी कोठें ९.५ मिलिमीटर तर कोठें ७ मिलिमीटर असते. पातळ डिस्क मोठ्या खाचेंत कडेला पट्टी देऊन बसवितां येते. जाड डिस्क लहान खाचेंत बसत नाहीं. फार मोठ्या मापाच्या कांहीं अडीच इंची डिस्क १५ मिलिमीटर जाड असतात. त्या लॅपटॉपच्या कामाच्या नव्हेत. नव्या लॅपटॉपांत एम.२ नांवाची, २२ मिलिमीटर रुंदीची लांबट पट्टी असते. तिच्यांतहि सॅटा आणि एनव्हीएमई असे दोन पोटभेद आहेत. दिसण्यांत त्या जुळ्या बहिणी वाटल्या तरी एकीच्या जागीं दुसरी चालेलच असें नाहीं. कांहीं लॅपटॉपांत तर सांठवण मुख्य पाटावरच डाखलेली असते. तेथें बदलण्याचा प्रश्नच उरत नाहीं. सबब लॅपटॉपच्या तळाशीं छापलेला मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा आणि कंपनीच्या माहितीपुस्तकांत आपली जात कोणती तें पाहूनच घराबाहेर पडावें.

आंकड्यांविषयींहि दोन शब्द. १ टीबीची डिस्क घरीं आणून लावली कीं विंडोज ९३१ जीबीच दाखवितें, आणि दुकानदारानें मापांत मारलें असा ग्रह होतो. तसें नसतें. बनविणारे हजाराच्या पटीनें मोजतात व विंडोज १,०२४ च्या पटीनें. दोघांचा शेर निराळा, माल तोच. मात्र अनोळखी नांवाची, अवाच्या सवा मापाची आणि नवलाईच्या स्वस्ताईची डिस्क कधींहि घेऊं नये. तिचें माप खोटें लिहिलेलें असण्याचा संभव फार. भरतां भरतां जुना मजकूर नव्याखालीं गाडला जातो आणि तें उशिरां कळतें.

इतकी तयारी करून आम्ही पुतण्यास बरोबर घेऊन दुकानीं गेलों. दुकानदार गृहस्थ मोठे अगत्यशील. ते म्हणाले, "सर, दोन टीबीचीच घ्या, पुन्हां पाहायला नको. जुनी आमच्याकडे द्या, किंमतींत थोडें कमी करतों." आम्ही होकार देण्याच्या बेतांत होतों, इतक्यांत पुतण्यानें हळूच विचारलें, "काका, आजीच्या ओव्यांची दुसरी प्रत कोठें आहे?"

आम्ही निरुत्तर झालों. दुसरी प्रत कोठेंच नव्हती. सात वर्षें एका तबकडीच्या भरंवशावर आम्ही निश्चिंत होतों, आणि आतां तोच भरंवसा चौपट मोठ्या डिस्कवर टाकून पुन्हां निश्चिंत होणार होतों! जागा वाढली म्हणजे जपणूक वाढली, या समजुतीनें आम्हांस घेरलें होतें. वस्तुतः मोठी डिस्क एकटी असेल तर एका फटक्यांत अधिकच नाश करते.

हें शहाणपण आमच्या भूमीस नवें नव्हे. छावणीजवळच्या नगर नाक्यावरून निघणारा रस्ता ज्या नेवाशाच्या बाजूस जातो, तेथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढें जवळजवळ तीनशें वर्षें ती हातोहात उतरली जाऊन घरोघर पसरली. उतरतांना चुका शिरल्या, पदरचें घातलें गेलें. आणि शके १५०६ मध्यें आमच्या दक्षिणेस असलेल्या पैठणच्या एकनाथमहाराजांनीं तिचा पाठ शुद्ध केला. ग्रंथ एकाच घरीं, एकाच पेटींत राहिला असता तर शुद्ध करावयास तरी काय उरतें? अनेक घरांतील प्रतींनीं ग्रंथ तारला. आणि प्रत केली म्हणजे ती ताडून पाहावी लागते, हेंहि त्यांनींच शिकविलें.

आम्ही बेत बदलला. दोन टीबीची एक डिस्क घेण्याऐवजीं लॅपटॉपसाठीं १ टीबीची एसएसडी आणि कपाटासाठीं तितक्याच मापाची बाहेरून जोडावयाची फिरती डिस्क घेतली. जुनी दिली नाहीं. घरीं आल्यावर पुतण्यानें लॅपटॉपला कान लावला. आंतून मधून मधून टक् टक् असा आवाज येत होता. तो आम्ही कित्येक महिने पंख्याचा समजत होतों. असा आवाज म्हणजे तबकडीचा अखेरचा निरोप असूं शकतो. अशा वेळीं सबंध डिस्कचें क्लोन करीत न बसतां, जें पुन्हां मिळणें नाहीं तें आधीं बाहेर काढावें. त्यानें जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्यें घालून प्रथम ओव्या, मग पत्रें, मग छायाचित्रें उतरविलीं. विंडोज नव्या एसएसडीवर नव्यानेंच चढविलें.

येथें आणखी एक इशारा. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत डिस्कवर बिटलॉकर नांवाचें कुलूप नकळत लागलेलें असतें. डिस्क काढण्यापूर्वींच त्याची ४८ आंकडी किल्ली मिळवून कागदावर लिहून ठेवावी. नाहीं तर आपलीच पेटी आपणांस परकी होते.

उतरविलेली प्रत्येक महत्त्वाची फाइल आम्हीं उघडून पाहिली. चार ध्वनिमुद्रणें नीट निघालीं, पांचवें उघडेना. पुन्हां पुन्हां प्रयत्न केला, परंतु तबकडीचा तो भाग वाचला जाईना. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. मग आठवलें कीं, तें मुद्रण कधीं काळीं नाशिकच्या भगिनीस मोबाइलवर पाठविलें होतें. तिला रात्रींच फोन केला. तिच्या जुन्या मोबाइलमध्यें तें होतें. परंतु पाठवितांना आखूड केलेलें, शेवटची ओवी गाळलेलें.

आतां एक प्रत लॅपटॉपमध्यें, दुसरी कपाटांत, तिसरी नाशिकास आहे. दर पाडव्यास व दर दसऱ्यास कपाटांतील डिस्क लावून पाहण्याचें ठरविलें आहे. जुनी तबकडी आम्ही सहा महिने ठेवणार आहों. पुढेंहि ती कोणास तशीच देऊं नये. फाइली पुसल्या, कचरापेटी रिकामी केली, तरी मजकूर तबकडीवर राहतोच, आणि त्यांत बँकेचे व पॅनचे कागद असतात. चालू तबकडी असल्यास ती सबंध एकदां नव्या मजकुरानें भरून काढावी. एसएसडी असल्यास कंपनीनें दिलेल्या साधनानेंच पुसावी. आमच्यासारखी बिघडलेली असल्यास छिद्रें पाडून निकामी करावी आणि मग ई-कचऱ्यांत द्यावी.

नाशिकचें मुद्रण आलें त्या रात्रीं आम्ही सर्वजण तें ऐकत बसलों. आवाज थोडा घोगरा झाला होता, तरी मातुश्रींचाच होता. ओवी संपली आणि पुढें शांतता. तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पुढची मला येते. सासूबाईंबरोबर कितीदां तरी म्हटली आहे." त्यांनीं ती म्हटली. पुतण्यानें मोबाइल पुढें केला होता, हें आमच्या मागाहून लक्षांत आलें. तीहि ओवी आतां तिन्ही ठिकाणीं आहे.