मागच्या गाडीचा ब्रेक कुणाच्या हातात?

मुलांनो, उसाच्या हंगामात रस्त्याने जाणारा ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. मागे एक नाही, चांगल्या दोन-दोन ट्रॉल्या! आता सांगा बरं, उतारावर ट्रॅक्टरवाल्या काकांनी ब्रेक दाबला तर त्या ट्रॉल्या थांबतील कशा? त्यांतल्या पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. मग मागचा सगळा भार ट्रॅक्टरला पुढे ढकलू लागतो.

अमेरिकेत असंच ओझं पिकअप गाड्या ओढतात. पिकअप म्हणजे पुढे बसायची जागा आणि मागे उघडा हौदा. तिच्यामागच्या ट्रेलरमध्ये कधी घोडे असतात, कधी होडी, तर कधी तो ट्रेलर म्हणजे चाकांवरचं अख्खं घर! तिथल्या बऱ्याच राज्यांत तीन हजार पौंडांहून, म्हणजे सुमारे १,३६० किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात.

पण चालक पुढे आणि ब्रेक मागे. जमायचं कसं? खिळ्याभोवती तार गुंडाळून, सेल जोडून तुम्ही विद्युतचुंबक केला असेल ना? तसाच चुंबक ट्रेलरच्या चाकात असतो. वीज आली की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याच्याबरोबर ओढला जातो, एक दांडी हलते आणि ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबले जातात. वीज किती सोडायची, हे चालकाजवळची एक छोटी पेटी ठरवते. तिचं नाव ब्रेक कंट्रोलर. वीज कमी पडली तर ट्रेलर ढकलतो, जास्त झाली तर त्याची चाकं अडकून घसरतात. ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागला, तर चालक पेटीवरची कळ दाबून फक्त मागचे ब्रेक लावतो. ट्रेलर मागे ताणला जातो आणि सरळ होतो.

या पेटीलाही चिप लागते, आणि इथेच घोडं अडलं! २०२० साली करोनामुळे मोटारींचे कारखाने बंद पडले. त्यांनी चिपची मागणी कमी केली. चिपवाल्यांनी आपला माल लॅपटॉप-फोनकडे वळवला. मार्च २०२१मध्ये जपानमधल्या नाका नावाच्या चिपच्या कारखान्याला आग लागली. त्या वर्षी केंटकी राज्यात मोटारशर्यतीच्या मैदानाजवळ हजारो पिकअप नुसत्या चिपची वाट पाहत उभ्या होत्या!

पिकअपमध्ये कारखान्याची पेटी नसेल, तर बाहेरची पेटी बसवता येते. पण नव्या गाडीत संगणक असतो. त्याच्याशी पेटीची तार जुळायला हवी. नाहीतर इशाऱ्याचा दिवा लागतो, किंवा ब्रेक उशिरा लागतात. म्हणून जाणता चालक आधी मोकळ्या मैदानात सावकाश गाडी चालवतो, कळ दाबतो आणि ट्रेलर मागे ओढतोय का ते बघतो. ओढत नसेल तर त्या दिवशी घोडे तबेल्यात, होडी अंगणात!

आणि तुम्ही? चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला पळता की नाही? खरं सांगा! तुमच्यातलं कुणी चाकापुढे पडलं, तर काका पाय दाबतील हो, पण मागची ट्रॉली ऐकेल का? तेव्हा ऊस हवा असेल तर शेतावर जा, मालकांना विचारून घ्या आणि बांधावर बसून मजेत खा.