धुमसणे म्हणजेही आगच

लंडनचे किंग्ज क्रॉस हे भुयारी स्थानक एका आराखड्यातून उभे राहिलेले नाही. 1863 साली तेथे जमिनीलगतच्या चरातून वाफेच्या इंजिनाची गाडी धावू लागली. 1906 मध्ये त्याखाली पुष्कळ खोलवर पिकॅडिली मार्ग आला. त्या फलाटांवरून वरच्या तिकीटघरात येण्यासाठी पुढे लाकडी पायऱ्यांचे सरकते जिने बसविले गेले.

18 नोव्हेंबर 1987 रोजी संध्याकाळी अशाच एका जिन्याने पेट घेतला. कोणाची तरी जळती काडी फटीतून खाली पडली असावी, असे चौकशीत ठरले. खाली वर्षानुवर्षे साचलेले वंगण होते; त्यात धूळ आणि कागदाचे कपटे मिसळलेले. आग आरंभी अगदी लहान होती. पण सुमारे पंधरा मिनिटांत तिचा लोळ तिकीटघरात शिरला आणि 31 माणसे दगावली.

आग एवढी झपाट्याने कशी पसरली? ज्वाळा सरळ वर जातात, असे आपण समजतो. हा जिना मात्र 30 अंशांच्या उताराचा चरच होता. अशा चरात ज्वाळा तळाला चिकटून आडव्या होतात आणि वरच्या पायऱ्या आधीच तापवून ठेवतात. संगणकाच्या गणिताने हे दाखविले, तेव्हा अनेक तज्ज्ञांचा विश्वास बसेना. मग एक-तृतीयांश मापाची प्रतिकृती पेटवून पाहिली आणि गणित खरे ठरले.

‘हा परिणाम कोणाला ठाऊक नव्हता, मग दोष कोणाला द्यायचा?’ असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. लाकूड, वंगण आणि काडी यांत अज्ञात काय होते? 1984 च्या ऑक्सफर्ड सर्कस स्थानकावरील आगीनंतर भुयारात धूम्रपानाला बंदी झाली होती. तरी बाहेर पडताना लोक जिन्यावरच सिगारेट पेटवीत. जिन्यांखाली लहानसहान आगी वारंवार लागत. त्यांना ‘आग’ न म्हणता नुसते ‘धुमसणे’ म्हणण्याची तेथे रीत पडली होती. सौम्य शब्दाने धोका कमी झाला नाही. फक्त काळजी कमी झाली.

तेथील भुयारी रेल्वेचा शेवटचा लाकडी सरकता जिना निघाला तो 2014 साली.

तुमच्या प्रयोगशाळेतील एखाद्या बटणातून ठिणगी उडते का? मग ‘नेहमीचेच आहे’ म्हणू नका, शिक्षकांना सांगा. आणि शिक्षकहो, तिची वहीत तारीखवार नोंद करा. मोठ्या अपघाताची पूर्वसूचना बहुधा अशा क्षुल्लक नोंदींतच असते.