शिवार आणि दावण

शेतकऱ्याने काळाप्रमाणे बदलावे, असा सल्ला देणाऱ्यांनी मराठवाड्यातील आणि सोलापूर पट्ट्यातील कोरडवाहू गावांत एकदा फिरून यावे. तिथला शेतकरी कित्येक वर्षे बदलतोच आहे. ज्वारी सोडून तो सोयाबीनकडे वळला, बैल विकून भाड्याच्या ट्रॅक्टरकडे, गाय कमी करून शेळीकडे. प्रत्येक निर्णयामागे मजुरी, पाऊस आणि बाजार यांचा रोकडा हिशेब होता. पण प्रत्येक बदलाने एक अडचण दूर केली आणि दुसरी दारात आणली, आणि त्या दुसरीचा भार उचलायला त्याच्याबरोबर कुणीही नव्हते.

ज्वारीचेच पाहा. 1960-61 साली राज्यात ज्वारीचे क्षेत्र साठ लाख हेक्टरांच्या पुढे होते. आज त्याचा तिसरा हिस्साही उरलेला नाही. रब्बी ज्वारीची काढणी बहुतेक हातानेच होते. ताटे उपटायची, कणसे मोडायची, पेंढ्या बांधायच्या. या कामाला माणूस मिळेनासा झाला. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत हाती येते, मळणी यंत्रातून निघते आणि दसरा-दिवाळीला पैसा देते. ज्वारी मागे पडली यात नवल नाही. मात्र तिच्याबरोबर कडबाही गेला. मालदांडी ज्वारीचा एकच पेरा घरात भाकरी आणि गोठ्यात वर्षाची वैरण देत असे. सोयाबीनच्या भुशाला ती सर नाही. दोन गाई असलेला शेतकरी आता कडबा विकत घेतो, नाहीतर मक्याचा मुरघास करतो. मक्याला पाणी लागते, आणि तेच त्याच्याकडे नसते. मग 2019 सारखा दुष्काळ आला की चारा छावण्या उघडाव्या लागतात. शिवारातून गेलेली वैरण सरकारी तिजोरीतून परत आणण्याचाच हा प्रकार आहे.

ज्या सोयाबीनसाठी हे सारे सोसले, त्याने तरी हात दिला का? 2021 च्या पावसाळ्यात क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलेला भाव 2024 च्या हंगामात चार हजारांच्या आसपास रेंगाळत होता. हमीभाव होता 4,892 रुपये. सरकारी खरेदीत ओलाव्याच्या अटीत माल अडकला, ज्याला उधारी फेडायची होती त्याने तो व्यापाऱ्याला देऊन टाकला.

गोठ्याचे गणित याहून अवघड आहे. बैल कमी होण्यामागे ट्रॅक्टर हे मोठे कारण आहेच. पण 2015 पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही. पूर्वी तो विकून आलेल्या पैशात भर घालून शेतकरी नवा खोंड आणत असे. ती साखळी तुटली. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान राज्यातील गोवंश सुमारे 1 कोटी 55 लाखांवरून 1 कोटी 40 लाखांवर आला, तर शेळ्या सुमारे 84 लाखांवरून 1 कोटी 6 लाखांवर गेल्या. शेळी अडीनडीला लगेच विकता येते, कमी चाऱ्यात भागते. शेतकऱ्याने दिलेले हे उत्तर धोरणकर्त्यांनी नीट वाचायला हवे होते. गोवंश हा अनेकांच्या श्रद्धेचा विषय आहे, त्याचा आम्ही आदर करतो. मात्र त्या श्रद्धेची किंमत पाच एकरांच्या कोरडवाहू धन्याकडून वसूल करणे अन्यायाचे आहे. गोशाळेतील देशी गाईसाठी दिवसाला 50 रुपये अनुदान देण्याचा निर्णय सरकारने 2024 मध्ये घेतला. भाकड गाय स्वतःच्या दावणीला सांभाळणाऱ्याच्या वाट्याला मात्र त्यातले काही येत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना आणि मांजरा खोऱ्यांत पूर आला तेव्हा पीक आणि गोठा एकाच रात्री वाहून गेले. मदत मात्र वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या पंचनाम्यांतून मागावी लागली. दुभत्या जनावरामागे 37,500 रुपये हा आपत्ती निधीचा दर आहे. चांगली संकरित गाय बाजारात त्याच्या दुपटीने मिळते. त्याच वर्षी एक रुपयातील पीक विमा बंद झाला आणि स्थानिक आपत्तीची भरपाई देणारी तरतूदही राज्याने वगळली. धोका वाढत असताना संरक्षण आखडते घेतले गेले.

सरकारने आता तीन कामे हाती घ्यावीत. कोरडवाहू तालुक्यांत रब्बी ज्वारीची खरेदी वेळेवर आणि खात्रीने व्हावी, आणि छोट्या रानात चालेल असे ज्वारी काढणीचे यंत्र कृषी विद्यापीठांनी तयार करून शेतकरी गटांना द्यावे; मजुराची अडचण सुटली तर कडबा आपोआप परत येईल. गोशाळेला मिळणारे अनुदान शेतकऱ्याच्या दावणीतील भाकड जनावरालाही मिळावे. ते परवडत नसेल तर बैलांच्या कत्तलीवरील बंदीचा विधिमंडळाने धाडसाने फेरविचार करावा. आणि पिकाचा व जनावराचा विमा एकाच अर्जावर, पुढच्या खरिपाच्या पेरणीआधी सुरू व्हावा.